शेजारची सीट

तीन वर्षांपूर्वी मंगलनं वेल्ह्याच्या मेंगाईला एक नवस बोलला होता. फार काही मागितलं नव्हतं तिनं. "आई, माझ्या अमृतच्या शेजारी बसणारं कुणीतरी येऊ दे. जोडीनं तुझ्या दारी आणीन, ओटी भरीन." समोरची समई शांत जळत होती, म्हणून आपलं गाऱ्हाणं ऐकलं गेलं असं तिला वाटलं. ऐकलं गेलंच होतं. कुणी ऐकलं, ते मात्र अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

अमृत तिशीला आला होता. शिवऱ्याला, हायवेपासून आत डोंगराकडेला एका साहेबांचं फार्महाऊस होतं, तिथल्या गाड्या तो सांभाळायचा. ड्रायव्हरला मुलगी द्यायला कुणी तयार होत नव्हतं. गेल्या वैशाखात साहेबांनी कुणाचीतरी वापरलेली एक लाल गाडी आणली, आणि पूजेसाठी अमृत ती घरी घेऊन आला.

शेजारच्या साळूबाई काठी टेकत बघायला आल्या. "आगं बया! ही गाडी हाय का कुणी पाय दिल्याली चप्पल?"

"मावशे, बुटकी हाय म्हणून तर पळती," अमृत कौतुकानं म्हणाला. "इंजिन पुढं न्हाई हिचं. शिटांच्या मागं, मधोमध. समदा भार मधी, म्हणून वळणावर भवऱ्यावाणी फिरती. थांबल्यापासनं शंभरचा वेग गाठाया चार सेकंदबी न्हाई लागत."

"मग पुढच्या झाकणाखाली काय?"

"डिकी."

"आन् शिटा दोनच? मग उद्या तुझी बायकू आली की सासूनं बसायचं कुठं? डिकीत?"

सगळे हसले. मंगलही हसली. हळदीकुंकवाची बोटं लावता लावता तिनं आत डोकावून पाहिलं. उजव्या सीटचा पट्टा वापरून मऊ पडलेला. डाव्या सीटचा मात्र नवा करकरीत, जणू कालच बदललेला. आत नुकत्याच विझवलेल्या वातीसारखा वास येत होता.

साहेबांचं म्हणणं होतं, गाडी नुसती उभी राहिली की बिघडते. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरवून आणायची. मंगलला वाटलं, मग पहिली फेरी देवीच्याच दारी होऊ दे. जोडी जमेल तेव्हा जमेल, निदान ओटी तरी पोचेल. ती स्वतः यष्टीनं जाणार होती. खण, नारळ, तांदूळ आणि डझनभर हिरव्या बांगड्या असलेली ओटी तिनं डाव्या सीटवर ठेवली.

लगेच टिंग टिंग टिंग सुरू झालं.

"माणूस बसलं की वाजतं," अमृत म्हणाला. "पट्टा लावला की गप."

"एवढ्याशा ओटीचं कसलं रं वजन?"

"येडं आसंल मशीन. लाव पट्टा, नारळबी गडगडायचा न्हाई."

आपल्याकडं सवाष्णीला निरोप देताना करतो, तसं मंगलनं सवयीनं सीटच्या पाठीला हळदीकुंकू लावलं, ओटी नीट केली, आणि पट्टा ओढून खटकन बसवला. आवाज थांबला. आपण कुणाची ओटी भरली, हे तेव्हा तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वेल्ह्याला ती आधी पोचली. गाडी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अमृत उतरला आणि दाराला धरून उभा राहिला.

"आये, घरी आणताना तीन पॉइंट नऊ सेकंदांत शंभर गाठलं व्हतं. आज चार पॉइंट एक लागलं. दोनदा बघितलं. एक माणूस जास्ती आसल्यागत..."

त्यानं पट्टा सोडून ओटी काढली. सीट रिकामी झाली, आणि टिंग टिंग पुन्हा सुरू झालं. मंगलनं खण उलगडला. नारळ होता, तांदूळ होते. बांगड्या नव्हत्या. सीटखाली हात घातला, पुढची डिकी पाहिली. कुठंच नव्हत्या.

तो आवाज काही केल्या थांबेना. कंटाळून अमृतनं रिकाम्या सीटवरच पट्टा लावला.

इथं मंगल घाबरायला हवी होती. पण तिच्या मनात वाईट लवकर येत नसे. तिला वाटलं, देवीच बसून आली. तिनं त्या सीटला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "ये माय, घर आपलंच हाय."

त्यानंतर अमृत रोज ठरल्यापेक्षा जास्त वेळ गाडी फिरवू लागला. नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. महिन्याभरात तो अंगानं उतरला. एके सकाळी म्हणाला, "आये, भाकरी चार जास्ती टाक."

"का रं? कुणी हाय का संगं?"

तो लाजला. पण डोळे लाजले नाहीत. "हाय की. बोलत न्हाई लई. मागनं इंजिन बोलतं नं, त्यातनंच बोलती. पाठीशी कढत लागतं, मानंपाशी..."

"अमृत, ती गाडी दे सायबाला परत."

"आता चार पॉइंट सहा लागत्यात गं," तो जणू दुसऱ्याच कुणाला सांगत होता. "वजन वाढतंय तिचं."

मंगल त्या दिवशी फार्महाऊसवर गेली. तिनं डाव्या सीटसमोर हात जोडले, नाक घासलं, भरलेली ओटी परत मागितली. असं मागणं आपल्यात कुणी करत नाही, तिनं केलं. काचेच्या आत कुठंतरी बांगड्या किणकिणल्या. पट्टा बसवलेलाच होता. दार उघडून तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, पण पट्ट्याचं कुलूप सुटलं नाही. मग तिनं साहेबांना फोन करून रडत सगळं सांगितलं. ते चांगले माणूस होते. येत्या बुधवारी गाडी पुण्याला पाठवतो म्हणाले.

मंगळवारी दिवेलागणीला, ती देव्हाऱ्यापुढं वात लावत असताना, मोबाईल वाजला.

"आये..."

"कुठं हाईस? ये घरी!"

"पट्टा निघत न्हाई गं..."

"डावीकडचा? राहू दे तो. तू उतर. तू आधी उतर!"

मागं इंजिन एकसारखं घुमत होतं. त्या घुमण्यातच तो हळूच म्हणाला, "माजा..."

एवढं बोलून आवाज थांबला. काडेपेटी मंगलच्या हातातच राहिली.

वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनी गावाच्या पुढच्या वळणावर गाडी सापडली. एक ओरखडा नाही. इंजिन चालू, दारं आतून बंद. पोलिसांनी काच फोडली, तेव्हा दोन्ही सीटांवर पट्टे घट्ट बसवलेले होते. आत कुणी नव्हतं. दोन डबे होते, दोन्ही रिकामे. लोकांनी आठ दिवस डोंगर पालथा घातला. अमृतची चप्पलसुद्धा मिळाली नाही.

आता गाडी फार्महाऊसच्या शेडमध्ये उभी असते. साहेबांनी बॅटरी काढून घेतली, गिऱ्हाईक मिळत नाही. मंगल दर मंगळवारी जाते आणि फुटक्या काचेतून आत हात घालते. तीन महिन्यांत इंजिन एकदाही सुरू झालेलं नाही. तरी दोन्ही सीटांच्या पाठी कोमट असतात, नुकतंच कुणी लांबून येऊन उतरल्यासारख्या. आणि दर वेळी डावी जरा जास्त दबलेली असते.

त्याचं काय झालं हे तिला कळत नाही असं नाही. तरी तिथून ती वेल्ह्याला जाते, मेंगाईपुढं बसते आणि नवा नवस बोलते. या वेळी शब्द जपून वापरते, एकेक तोलून.

बायांनो, तुमचा कधी वेल्ह्याला जाण्याचा योग आला, तर तुम्हीही एक वात लावा आणि तिच्यासारखंच बोला: अमृत घरी येऊ दे. पण एकटाच येऊ दे, एवढं बोलायला विसरू नका.