आकडा खालून आला

धरणाच्या पोटात उतरायला दोनशे बारा पायऱ्या आहेत, आणि साहेबांचे गुडघे नव्वदाव्या पायरीलाच हात टेकत. निवृत्तीला चार महिने उरले होते. वर्षातून एकदा धरणाची पाहणी करायची, छापील फॉर्म भरायचा आणि सही ठोकायची, हे काम त्यांनी एकवीस वर्षं केलं होतं. आता त्याचा त्यांना अगदी वीट आला होता.

फॉर्मवर दोनच रकाने महत्त्वाचे. पहिला धोक्याच्या वर्गाचा. लोकांना वाटतं, धरण किती खिळखिळं झालंय ते हा रकाना सांगतो. तसं नाही. धरण ठणठणीत असलं तरी उद्या फुटलंच तर खाली किती माणसं सापडतील, एवढंच तो सांगतो. इथे खाली चारशे घरं होती, म्हणून वर्ग 'उच्च'. दुसरा रकाना धरणाच्या स्थितीचा. तिथे साहेब दरवर्षी 'समाधानकारक' लिहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांची लेक, जावई आणि दीड वर्षाची नात त्याच चारशे घरांपैकी एकात राहायला आली, तेव्हा साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं आणि पुन्हा मिटलं होतं. गेली तीन वर्षं ते तळापर्यंत उतरलेच नव्हते, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

भिंतीतून झिरपणारं पाणी तळाच्या बोगद्यात एका नालीत गोळा होतं आणि लोखंडी पत्र्याला पाडलेल्या त्रिकोणी खाचेतून पुढे पडतं. खाचेशेजारच्या पट्टीवर पाणी किती सेंटीमीटर चढलंय ते वाचायचं. आकडा वाढला म्हणजे गळती वाढली. तळाशी ओल एवढी की कागदाचा लगदा होतो, म्हणून वही वर दाराशी कारकुनाकडे असते. खालच्याने आकडा ओरडायचा, कारकुनाने तो मोठ्याने परत म्हणायचा, खालून 'बरोबर' आलं की मगच लिहायचा. धरण बांधलं तेव्हापासूनची ही रीत. रोजचं माप घेणारा माणूस निवृत्त झाला, त्याची जागा कुणी भरली नाही, आणि मग खाली जाणारे साहेबच तेवढे उरले. साहेबांनी पळवाट काढली. नव्वदाव्या पायरीशी जिना वळतो आणि वरच्याला माणूस दिसेनासा होतो. तिथे बूड टेकायचं, निवांत दम खायचा आणि मागच्या वर्षीचा आकडा ओरडायचा. बारा. तीन वर्षं बाराच.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, जलाशय काठोकाठ भरलेला. खाली रेंज नसते म्हणून साहेबांनी मोबाईल कारकुनाच्या हवाली केला आणि बॅटरी घेऊन आत शिरले. दहा पायऱ्यांत ऊन संपलं. ओल्या चुन्याचा आणि गंजाचा वास नाकात बसला. कुठेतरी खोल पाणी एकसुरी वाजत होतं. नव्वदाव्या पायरीवर ते बसले, गुडघे चोळले, आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. झोप लागली की काय, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मग घसा साफ करून ते ओरडले.

"बारा!"

वरून काहीच उत्तर आलं नाही. आवाज आला तो खालून.

"एकोणतीस..."

घाईचा नाही, रागाचा नाही. फार दमलेला आवाज.

"एकोणतीस!" वरून कारकून म्हणाला.

"बरोबर..." खालून आलं.

साहेब वर तोंड करून ओरडले. "अहो, लिहू नका! मी बारा म्हटलं!"

"बारा ऐकूच नाही आलं, साहेब. एकोणतीसच म्हणालात की. बरोबरही म्हणालात."

"खाली... कोण उतरलंय सकाळपासून?"

"कोण उतरणार? किल्ली माझ्याच खिशात आहे. बरे आहात ना?"

वर निघून जाणं सोपं होतं. चार महिने, मग कुणाचं धरण आणि कुणाचा आकडा. साहेब उठलेही. पण त्यांना नातीचे तळवे आठवले. नुकतीच चालायला लागली होती आणि दुडक्या चालीने अंगणभर फिरत होती. स्वतःचीच लाज वाटून ते खाली उतरू लागले. फार घाबरले होते. एकेक पायरी भिंतीला धरून उतरत होते.

तळाच्या बोगद्यात कुणीही नव्हतं. खाचेतून पाणी जाड धारेने कोसळत होतं. पट्टी एकोणतीस दाखवत होती. साहेबांनी ओंजळ भरली. पाणी गढूळ होतं, आणि बोटांत बारीक रेती चुरचुरली. स्वच्छ पाणी गळतं तेव्हा नुसतं पाणी जात असतं. गढूळ पाणी धरणाच्या पायाखालची माती घेऊन चाललेलं असतं. तीन वर्षांत केव्हातरी हे सुरू झालं होतं, आणि ते जिन्यात बसून बारा म्हणत होते.

"एकोणतीस!" ते ओरडले. "आणि गढूळ!"

कारकुनाने परत म्हटलं. 'बरोबर' म्हणण्याआधी साहेब क्षणभर थांबले, दुसरं कुणी म्हणतंय का ते ऐकत. कुणी म्हणालं नाही. मग त्यांनीच म्हटलं.

वर यायला अर्धा तास लागला. दाराशी बसून त्यांनी फॉर्मवर 'असुरक्षित' लिहिलं आणि मोठ्या साहेबांना फोन लावला.

"अहो, चार महिन्यांसाठी कशाला नसतं लचांड?" मोठे साहेब वैतागले. "मागच्या वर्षी बारा होतं ना?"

"मागच्या वर्षी मी खाली गेलोच नव्हतो. त्याआधीची दोन वर्षंही नाही. तेही लिहितोय. दरवाजे उघडायला सांगा, साहेब. घरं रिकामी करा."

मोठ्या साहेबांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग भोंगा वाजवायचा हुकूम निघाला.

साहेबांनी लेकीला फोन लावला.

"अगं, बाळीला घे आणि लगेच..."

"बाबा, आम्ही कधीच टेकडीवर आलोय. तुमचा फोन आल्या आल्या निघालो."

"माझा फोन? केव्हा?"

"सव्वाअकराला."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. "सव्वाअकराला फोन कुणी लावला होता?"

"कुणी नाही, साहेब. माझ्या खिशातच होता."

"काय... काय म्हणालो मी?"

"असं काय विचारताय? सगळ्यांना घेऊन वर जा म्हणालात. शेजारच्यांनाही सांगितलं मी. किती दमलेला होता हो तुमचा आवाज. आणि मागे पाणी पडत होतं. तुम्ही कधी येताय विचारलं, तर म्हणालात..." ती अडखळली. "म्हणालात, माझी वाट बघू नका, मी खालीच राहिलोय. बाबा, तुम्ही वर आलात ना?"

साहेब उत्तर द्यायला गेले. तेवढ्यात दाराशी उभ्या कारकुनाने मान वळवली, आतल्या अंधाराकडे कान दिला, आणि सवयीने मोठ्याने म्हणाला, "एकतीस!"

मग वहीवर पेन टेकवून तो 'बरोबर' ऐकायला थांबला.