वीज नसलेला वीतभर रूळ

“हे गाव तुम्ही कुठे पाहिलंत?”

हा प्रश्न मी विचारला की त्यानं, ते आता सांगता येणार नाही. बहुधा दोघांनी एकदमच.

नोव्हेंबरातला शनिवार होता. झोनेबर्ग गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही छोट्या रेल्वेचे वेडे जमलो होतो. प्रत्येकानं घरून आपला एक पाट करून आणायचा… मीटरभर लांब, वर रूळ आणि भोवती आपल्या मनातला देखावा. मग टोकाला टोक लावून सगळे पाट जोडायचे, की हॉलभर एकच लोहमार्ग तयार होतो. माझा पाट मात्र तीन वर्षं कोपऱ्यात एकटाच पडून असायचा. रुळांची रुंदी सगळ्यांसारखीच, साडेसोळा मिलिमीटर. पण माझं इंजिन दोन रुळांच्या मधल्या धातूच्या ठिपक्यांच्या रांगेतून वीज घेतं आणि दोन्ही रुळांतून परत पाठवतं. बाकीच्यांच्यात वीज एका रुळातून येते, दुसऱ्यातून जाते. माझं इंजिन तिथे ठेवलं, की त्याची चाकं दोन्ही रूळ जोडून टाकतात आणि सगळ्यांच्याच गाड्या जागच्या जागी थांबतात.

त्या दिवशी हा नवखा माणूस आपला पाट घेऊन आला आणि जागा नव्हती म्हणून त्यानं तो माझ्याशेजारी टेकवला.

माझ्या पाटावरचं कुंपण त्याच्या पाटावर पुढे चालू झालं. उतरतं शेत, बर्फातली पायवाट… सगळंच. मी पट्टी लावली. पायवाट माझ्या कडेला रुळांपासून एकतीस मिलिमीटरवर संपत होती. त्याची एकतीसवरच सुरू होत होती.

“मी टिलमान,” तो म्हणाला. “इथलाच. आणि हे गाव मी कुठेच पाहिलेलं नाही. हात जसे चालले तसं करत गेलो.”

“मी हेडविग. कोबुर्गची.” माझा आवाज मलाच बारीक वाटला. “मीही तसंच केलं.”

दोन्ही पाटांवर माणूस एकही नव्हता. होती ती फक्त पावलं. मी सुईच्या टोकानं उमटवलेली, स्टेशनपासून कडेपर्यंत. त्याच्या पाटावरूनही पावलं येत होती, समोरून. दोन्ही ओळी बरोबर सांध्यावर येऊन थांबल्या होत्या. परतीची पावलं कुणाचीच नव्हती.

“माझा गडी तुमच्या बाईला भेटायला आलाय,” टिलमान म्हणाला. तो हसत होता, पण बोटं मागे घेतली होती.

“बाई कशावरून?”

“पावलं जवळजवळ आहेत. सात मिलिमीटरवर असतील.”

“साडेसात.”

“मोजलीत?”

“मी मोजतेच. काचेच्या कारखान्यात तपासनीस आहे.”

“मग जपून राहायला हवं… माझ्यात बऱ्याच भेगा आहेत.”

माझे गाल गरम झाले.

इतक्यात हॉलची व्यवस्था पाहणारे झाप्फ मोहरी लावलेला सॉसेज-पाव खात आले. “चारला पहिली गाडी सुटणार. तोवर हा सांधा जमला तर ठीक. नाहीतर हेडविगबाई, तुम्ही कोपऱ्यात आणि हे महाशय खिडकीजवळ. देखावा कितीही जुळू दे, मला हॉलभर शॉर्ट नको.”

खिडकी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. मला एकाएकी ते अंतर फार वाटलं.

“माझं इंजिन तुमच्याकडे येऊ शकत नाही. तुमचं माझ्याकडे नाही,” मी म्हणाले.

“पूर्वी दोन देशांच्या सीमेवर काय करायचे? इंजिन बदलायचे. डबा तोच राहायचा.”

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उजव्या भुवईत एक छोटा व्रण होता.

माझा रूळ शून्य दशांश चार मिलिमीटर उंच होता. तो मी कानशीनं उतरवला. टिलमान दिवा धरून इतका जवळ उभा राहिला, की त्याच्या कोटाला येणारा लाकडाचा वास मला कळत होता. मग सांध्यावर वीतभर रूळ दोन्हीकडून तोडून वेगळा केला. त्यात वीज कुणाचीच नाही, ना माझी, ना त्याची. माझं इंजिन डबा तिथे ढकलून मागे सरणार. त्याचं येऊन ओढून नेणार.

डबा त्याचा होता. आत तांदळाएवढा दिवा, तोही फक्त त्याच्या रुळांवर लागणारा. माझ्याकडे डबा अंधारा, सांध्यावर अंधारा, पलीकडे पोचला की उजळायचा. दोन फेऱ्या अशाच झाल्या.

तिसऱ्या फेरीत माझं इंजिन मागे सरलं. डबा सांध्यावर एकटा उभा होता.

आणि त्यात दिवा लागला.

मी वीज मोजायचा मीटर रुळाला टेकवला. शून्य. पुन्हा टेकवला. शून्यच. काचांवर बाहेरचं धुकं दाटलं होतं, हॉलमधली बडबड कुठेतरी लांब गेली होती. पिवळा उजेड बर्फावरच्या पावलांवर पडला होता.

“तुलाही दिसतंय ना?” टिलमान कुजबुजला. 

“दिसतंय.”

“काय, हेडविगबाई?” झाप्फ मागेच उभे होते. “चालतो का सांधा?”

कारणाशिवाय उजेड म्हणजे कुठेतरी दोष. तपासनिसानं सांधा उघडायला हवा. दोन्ही पाट वेगळे करायला हवेत. टिलमान नुसता माझ्याकडे बघत राहिला.

“चालतो,” मी म्हणाले.

झाप्फनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

“खोटं बोललीस.”

“नाही. चालतो का, एवढंच त्यांनी विचारलं. का चालतो, ते नाही विचारलं.”

“आणि मी विचारलं तर?”

“तर उद्या तुला कोबुर्गला यावं लागेल. उत्तर लांबलचक आहे.”

“सापडलं नाही तर?”

“…तर परवाही.”

त्यानं सांध्यावरून माझा हात धरला. त्याची बोटं गार होती. दोघांची इंजिनं लांब उभी होती, बटणांवर कुणाचंच बोट नव्हतं.

डबा हलला. अगदी सावकाश, आतला दिवा तेवत ठेवून, तो टिलमानच्या बाजूला निघाला… आणि आम्ही दोघांनीही त्याला थांबवलं नाही.