सत्त्याऐंशी टक्के

"अरे, हे तं माझं अस्वल आहे!"

मी वळून पाहिलं. पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोर, वारलूभाऊंच्या चहाच्या हॉटेलात, एक उंच मुलगा माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डशेजारच्या चष्मेवाल्या अस्वलाच्या स्टिकरकडे बघून हसत होता. इथे माझा जीव टांगणीला! जंगलातली फुलपाखरं नोंदवायची नोकरी, पहिलीच ऑनलाइन मुलाखत. गावात नेटवर्क नाही म्हणून इथवर आले, तर लाइट गेलेली...

"अस्वल माझं आहे. परवाच चंद्रपूरच्या दुकानातून सेकंडहँड घेतला लॅपटॉप," मी फणकारले.

"मीच विकला तिथं. लिनक्स पण मीच टाकलं. मी लोकेश, ऊर्जानगरचा, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतला." मग त्याची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली आणि हसू मावळलं. "सत्त्याऐंशी... चार्ज कधी केला होता?"

"परवा. तवापासून सत्त्याऐंशीच आहे. मस्त बॅटरी आहे!"

तो कपाळाला हात लावून शेजारी बसला. "तो आकडा खरा नाई, मीच लिहिला आहे. बॅटरीचं चिन्ह कसं दिसते पाहायले टाकला, अन् काढायचं राहूनच गेलं."

"अन् तुमाले कधी समजलं नाई?"

"आमच्या क्वार्टरात लाइट जातच नाई... वायर सदा लागलेली."

"वा! वीज तुमी बनवा अन् अंधार आमी भोगा!" माझा आवाज रडवेला झाला.

त्याने लॅपटॉप ओढून काळ्या खिडकीत भराभर टाइप केलं. कोपऱ्यात खरा आकडा आला. अकरा.

त्याने स्क्रीनचा उजेड कमी केला, नको ते सगळं बंद केलं. बाहेर चंद्रपूरची बस लागली.

"तुमची बस..."

"जाऊ द्या."

तेवढ्यात स्क्रीनवर मॅडम आल्या. "मंजुषा, आवाज येतोय?"

मी बोलायला लागले, पण नजर पुन्हा पुन्हा कोपऱ्यात. नऊ... सात... शब्द अडखळायला लागले. त्याने शेजारून हात लांबवला आणि आकड्यावर तळवा ठेवला.

"तू त्यांच्याकडं पाह," तो कुजबुजला. "बॅटरी मी पाहतो."

तू! राग यायला हवा होता. आलाच नाही. मी फुलपाखरांवर, ऐनाच्या झाडांवर बोलत सुटले. त्याचा तळवा आकड्यावरून हलला नाही.

"सोमवारी गडचिरोलीला कामावर रुजू व्हा," मॅडम म्हणाल्या. मी "थँक्यू" म्हटलं आणि स्क्रीन काळी झाली.

"शेवटी किती होती?" मी विचारलं.

"दोन. मग... एक."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"घाबरली असती तू."

"घाबरली तं घाबरली! आता मले खोटं नाई चालत. खरं सांगा... बस काऊन सोडली?"

त्याचे कान लाल झाले. "तू आवडली मले. वळून फणकारली ना... तवाच."

"किती आवडली?"

त्याने तोंड उघडलं.

"सत्त्याऐंशी म्हणाल तं पाहा!"

तो खदखदून हसला, मीही. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. लाइट आली होती.

"वायर लाव ना," तो म्हणाला.

"राहू द्या," मी म्हटलं. "आधी चहा घ्या. पुढची बस पण सोडायची आहे तुमाले."