बॅटरी जमिनीवर होती

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझा मामा गाड्यांची वायरिंग करण्यात केस पिकवलेला माणूस. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. भुताखेताची गोष्ट त्यानं आयुष्यात एकदाच सांगितली. ती ही.

आणि ती रात्री घडलेली नाही.

मंगळवार होता. दुपारचे अडीच. गावाबाहेरच्या शेतावरची पत्र्याची शेड.

आत पेट्रोलवर चालणारा एक जुना ट्रॅक्टर होता, नाक भिंतीकडे करून उभा. आठ महिने बंद. मालक दोन भाऊ. त्यातला थोरला आठ महिन्यांपूर्वी याच ट्रॅक्टरखाली गेला. जमिनीवर उभा राहूनच त्यानं सेल्फ मारला. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. उडी मारून पुढे आला आणि मागचं चाक त्याच्या अंगावरून गेलं.

आता धाकट्याला तो ट्रॅक्टर विकायचा होता.

"तीन मिस्त्री हात टेकून गेले," तो मामाला म्हणाला. "उद्या गिऱ्हाईक येतंय. काहीही करा, पण आज याला बोलता करा."

थोरल्याची बायको शेडच्या दारात उभी होती.

मामानं आधी गिअर न्यूट्रलला आहे ना, ते बघितलं. मग बॅटरी तपासली. ठणठणीत. पॉइंट घासले, कॉइल बदलली. ठिणगीचा पत्ता नाही. चारही प्लग काढून पोत्यावर मांडले. शेवटी बॅटरी उचलून जमिनीवर ठेवली आणि एकेक वायर हातानं चाचपायला घेतली. करंट तपासायचा छोटा दिवा वायरीला तसाच लटकत राहिला होता.

धाकटा आत येऊन ट्रॅक्टरच्या नाकासमोर, भिंतीला टेकून उभा राहिला.

आणि दिवा लागला...

मामानं खाली पाहिलं. बॅटरी जमिनीवर. तिला एकही वायर जोडलेली नव्हती.

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. तो बोलत बाहेर गेला.

दिवा विझला.

तो परत आला.

दिवा लागला... या वेळी जास्तच लख्ख.

मामाला तिथून पळावंसं वाटलं. पण हातातलं काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती. वायर चाचपत तो गिअरच्या दांड्यापाशी पोचला. तिथे एक छोटं बटण असतं. गिअर न्यूट्रलला नसेल तर ते सेल्फला करंट जाऊ देत नाही. त्या बटणाच्या दोन्ही वायरी कुणीतरी काढून एकमेकींना पिळून जोडल्या होत्या. वरून चिकटपट्टी. घाईचं काम नव्हतं ते. सावकाश, विचार करून केलेलं होतं.

"हे कोणी केलं?" मामानं विचारलं.

"कोणी म्हणजे? दादानंच केलं असेल. भारी घाई असायची त्याला."

घर्रर्र...

सेल्फ फिरला. ट्रॅक्टर वीतभर पुढे सरकला आणि धाकट्याच्या मांड्या भिंतीशी चेपल्या गेल्या.

"मिस्त्री! चेष्टा करता काय? थांबवा!"

"अहो, मी हातसुद्धा लावला नाही!"

मामानं दांड्याकडे पाहिलं. मघाशी न्यूट्रलला होता. आता पहिल्या गिअरमध्ये...

"भाऊजी," दारातून वहिनीचा आवाज आला. अगदी शांत. "यांना वायरींतलं काय कळत होतं? घरातला फ्यूजसुद्धा तुम्हीच बदलायचात."

"वहिनी, शपथेवर सांगतो, मी नाही..."

घर्रर्र...

फक्त बोटभर. पण हाड मोडल्याचा आवाज मामाला स्पष्ट ऐकू आला. त्यानं झेप घेऊन दांडा धरला.

दांडा हलेना.

"मी जोडल्या!" धाकटा किंचाळला. "मीच जोडल्या वायरी! वाटलं, पाय मोडेल, घरात बसेल, सगळा कारभार माझ्या हातात येईल! दादा, चुकलो रे! सोड मला, दादा!"

सगळं शांत झालं.

पत्र्यावर फडफडणारी कबुतरं गप्प झाली. दिवा विझला. मामाला वाटलं, सुटला बिचारा.

आणि इंजिन सुरू झालं.

चारही प्लग पोत्यावर. बॅटरी जमिनीवर. तरी इंजिन एका दमात सुरू झालं. नव्या इंजिनासारखं, न अडखळता.

धाकटा पुन्हा ओरडला नाही. ओरडायला वेळच मिळाला नाही.

चौकशीला माणसं आली. त्यांनी बॅटरी पाहिली, प्लग पाहिले, एकमेकांची तोंडं पाहिली. शेवटी 'ट्रॅक्टर उतारावरून घरंगळला' असं लिहून मोकळे झाले.

त्या शेडची जमीन तळहातासारखी सपाट आहे.

बरीच वर्षं झाली. परवा मी मामाला न राहवून विचारलं, "तू दांडा आणखी जोरात ओढला असतास तर तो वाचला असता ना?"

"सगळा जोर लावला होता की. पण दांड्यावर आधीच कुणाचा तरी हात होता. दिसत नव्हता... पण होता. तेलकट. गरम."

"मग? त्यानं ढकललं तुला?"

"ढकललं असतं तर बरं झालं असतं रे." मामा म्हणाला. "त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. हळूच. आणि लेकराला बाजूला करावं तसं मला मागे केलं."

मामानं आपली बोटं चोळली.

"मी परत पुढे जाऊ शकलो असतो," तो म्हणाला. "गेलो नाही."