दोन ठोके म्हणजे सोड

खोटं सांगून माझा काही फायदा नाही. उलट तोटाच आहे, हे वाचून चार गिऱ्हाईकं कमी होतील.

तरी लिहितोय. कारण आज संध्याकाळी सातच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि घरात कुणापुढे तोंड उघडायची सोय नाही.

या पेजवर बहुतेक किस्से रात्री बाराचे असतात. ओसाड रस्ता, बंद पडलेली गाडी वगैरे. माझा किस्सा दुपारी सव्वातीनचा आहे. पाच आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. लख्ख ऊन होतं. आमच्या शेडचं शटर सताड उघडं होतं आणि समोरच्या टायरवाल्याचा रेडिओ चालू होता.

आणि गाडी बंद पडली नव्हती. उत्तम चालत होती. तिथेच तर सगळा घोळ आहे.

आमचं गॅरेज आहे. लहान गाड्यांची ताकद वाढवून द्यायचं काम करतो. साधी दिसणारी हॅचबॅक आणायची, टर्बोचा दाब वाढवायचा, इंजिनाचं गणित नव्याने बसवायचं. मग मोठ्या गाडीवाल्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. गॅरेज माझ्या मामांचं. काम त्यांनीच शिकवलं, कान पिळून शिकवलं. आठ महिन्यांपूर्वी मामा गेले. झोपेतच.

लोक म्हणतात, छोटं टर्बो इंजिन टिकत नाही. सव्वा लिटर, तीन सिलिंडर, त्यावर टर्बो, म्हणजे शेळीला नांगराला जुंपल्यासारखं. मामांच्या हे डोक्यात जायचं. ते म्हणायचे, इंजिन मरत नाही, माणसं मारतात. तेल वेळेवर बदलायचं नाही, आणि वर त्याचीच बदनामी करायची.

हे सिद्ध करायला त्यांनी स्वतःची एक पांढरी हॅचबॅक बांधली होती. दोन लाख किलोमीटर झाले तरी टर्बो मूळचाच. ती गाडी आता त्यांच्या मुलीकडे आहे, म्हणजे माझ्या मामेबहिणीकडे. मामांना एकच मुलगी, तरी तिला सगळे धाकटी म्हणतात. कारण त्या घरात थोरला मी.

धाकटीला त्या गाडीतून घाटाच्या शर्यतीत उतरायचं होतं. रस्ता बंद करतात, एकेक गाडी सोडतात, वर पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. मामी काही केल्या तयार होईना. शेवटी मला म्हणाली, "तू गाडी तपास. तू हो म्हणालास तर जाईल, नाही म्हणालास तर नाही."

झालं. सगळा भार माझ्या एका शब्दावर.

आता दोन गोष्टी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडीची ताकद आम्ही डायनोवर मोजतो. जमिनीत मोठे रोलर बसवलेले असतात. चाकं त्यांच्यावर पळतात, गाडी जागेवरच. आवाज एवढा की शेजारचा ओरडला तरी कळत नाही. म्हणून मामांनी खूण ठरवली होती. हातातला पाना गाडीच्या छपरावर वाजवायचा, आतल्याला तो बरोबर डोक्यावर ऐकू येतो. एक ठोका म्हणजे दाब. दोन ठोके म्हणजे सोड. रंगाला ओरखडा नको म्हणून पान्याला चिंधी गुंडाळलेली असायची.

दुसरी गोष्ट, तांब्याची नळी. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटलं तर पिस्टनवर हातोडी बसल्यासारखं होतं. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. छोट्या टर्बो इंजिनाचा जीव घेतं ते हेच. लॅपटॉप ते मोजतोच, पण मामांचा भरवसा कानावर. नळीचं एक टोक इंजिनाला बोल्टने आवळायचं, दुसऱ्याला रबरी पाइप, आणि तो पाइप कानावरच्या हेडफोनसारख्या जाड टोप्यांत. बॅटरी नाही, वायर नाही. कुठलं रेडिओ स्टेशन त्यात शिरायची सोयच नाही.

त्या गुरुवारी धाकटी गाडीत बसली होती. मी बाहेर, कानाला टोप्या लावून.

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

मी खूण केली. तिने पाय दाबला. तीन हजार... चार हजार... पाच हजार...

ठप ठप.

मी हात वर केला. तिने पाय काढला. लॅपटॉप पाहिला. नॉकिंग शून्य.

म्हटलं, कानाचा भ्रम असेल. पुन्हा.

तीन हजार... चार हजार...

ठप ठप.

लॅपटॉपवर शून्य.

नॉकिंगचा एक स्वभाव असतो. इंजिनावरचा भार कमी केला की ते थांबतं. म्हणून मी टर्बोचा दाब बराच खाली आणला. आता काही येणं शक्यच नव्हतं.

ते तीन हजारालाच आलं.

मग दोन हजाराला. मग गाडी नुसती उभ्या उभ्या सुरू असताना.

मी हातानेच सांगितलं, बंद कर. इंजिन थांबलं. तापलेला सायलेन्सर निवताना कटकट करत होता, तो आवाज मला ओळखीचा. मग तोही थांबला. टोप्या कानावरच होत्या. आत एवढी शांतता की माझाच श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग...

ठप ठप.

बंद इंजिनातून.

आपण घाबरलो हे मी कबूल करतो. पण त्याहून जास्त, डोळे भरून आले. तो बोथट आवाज मी वीस वर्षं ऐकलाय. हे मामा होते, छातीठोक सांगतो.

धाकटी खाली उतरली. तिला वाटलं मी मुद्दाम इंजिनात खोट काढतोय. म्हणाली, मी जाऊ नये असं तुला वाटत असेल तर सरळ सांग, इंजिनाच्या नावावर खपवू नकोस. खरं तर मला तसंच वाटत होतं. मी तिला जे ऐकलं ते सांगितलं. ती हसली नाही. टोप्या माझ्या डोक्यावरून काढल्या आणि स्वतःच्या कानाला लावल्या.

मग तिने तोंडावर हात ठेवला.

"ऐकलंस ना? दोन," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "एक."

"नीट ऐक."

"एकच आहे, दादा. दाब म्हणतायत बाबा."

मी टोप्या घेतल्या. दोन. तिने घेतल्या. एक. चार वेळा फिरवाफिरव केली. एकच नळी, एकच इंजिन, तेही बंद. समोर टायरवाला कुणाच्या तरी स्टेपनीत हवा भरत होता.

शेवटी धाकटी बोनेटला टेकून रडायला लागली. आणि रडता रडता म्हणाली, "तुला दोन येतात, मला एक. कळत कसं नाही तुला? ते तुला सांगतायत, सोड म्हणून. मला सोड, दादा."

मला ते पटलं. पटावं असंच ते होतं. मामा गेल्यापासून मी तिच्यावर नको तेवढा पहारा ठेवत होतो, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मामीकडे जाऊन सांगितलं, गाडी ठणठणीत आहे, जाऊ दे तिला.

रविवारी ती गेली. तिसरी आली. वर पोचल्यावर हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, बरं झालं, आपण मध्ये आलो नाही. मी सोमवारी स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा घातला. पिस्टन नव्यासारखे. भिंतींवर एक ओरखडा नाही.

इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

पण रविवारी घाट उतरताना ती मला म्हणाली होती, की शर्यतभर ठोका वाजत होता. नळी नाही, टोप्या नाहीत, तरी. प्रत्येक वळणाला. एक.

मी विचारलं, "आणि ब्रेक लावायच्या आधी? दोन?"

"नाही," ती म्हणाली. "दोन नाहीच आले."

मामा कुणाला दाब म्हणाले तर त्यामागे सोड यायचंच. सोड न सांगता माणसाला रोलरवर तसंच ठेवणारे ते नव्हते.

त्यानंतर धाकटी बदलली. वाईट नाही, उलट हसायला लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मामी खूश होती. फक्त एकदा फोनवर म्हणाली, ही हल्ली मध्येच बोलायची थांबते, कुणी हाक मारल्यासारखी.

एकदा मी तिच्या शेजारी बसून आलो. लाल सिग्नलला उभे होतो, समोरून माणसं रस्ता ओलांडत होती, आणि गाडी पुढे सरकली. मी हँडब्रेक ओढला. एक म्हातारे गृहस्थ बोनेटवर हात आपटून शिव्या देत गेले. ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता, आश्चर्य होतं.

"तू ऐकलं नाहीस?" तिने विचारलं.

गेल्या आठवड्यात मामीकडे जेवायला होतो. मामी आत गेलेली पाहून मी धाकटीला हळूच विचारलं, आवाज नेमका कसा येतो? इतक्या दिवसांत हे मी विचारलंच नव्हतं. आम्ही दोघांनी त्या दुपारी ठोके मोजले, पण ते कसे वाजतात हे एकमेकांना विचारलं नाही. आमच्या धंद्यात आकड्याची सवय अशी लागते.

तिने चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर वाजवला.

टण.

माझा घास तोंडातच राहिला.

"असा?" मी म्हणालो.

"अगदी असाच. स्वच्छ."

चिंधी न गुंडाळलेला पाना मामांनी आयुष्यात कुठल्या गाडीच्या छपरावर वाजवला नाही.

दोन ठोके मामांचे होते. एक ठोका कुणाचा होता, मला माहीत नाही.

तेव्हापासून झोप नाही. सारखं एकच डोक्यात येतं. मामा मला सोड म्हणत नव्हते. ते गाडीतल्या मुलीला सोड म्हणत होते, नेहमीसारखं. फक्त टोप्या माझ्या कानावर होत्या. तिच्या कानापर्यंत ते पोचवायचं काम माझं होतं. आणि मी काय केलं, तर तिलाच सोडून दिलं.

परवा पुढची शर्यत आहे. मोठा घाट, एका बाजूला खोल दरी. तिला टर्बोचा दाब आणखी वाढवून हवाय. गाडी कालपासून माझ्या शेडमध्ये आहे. मामीने पुन्हा तेच विचारलंय, तू काय म्हणतोस? आज सातला धाकटी गाडी न्यायला येणार आहे.

आज सकाळी सहापासून मी नळी लावून बसलो. मनातल्या मनात मामांना हाका मारल्या. भांडलो सुद्धा. दोन ठोके द्या, एवढंच, मी तिला टोप्या घालून ऐकवतो.

काही आलं नाही. दोन नाहीत, एकही नाही. नुसती पोकळ नळी.

तिला वाटतं बाप सोबत आहे. तो तिचा बाप नाही, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? सांगितलं तर तिचे बाबा दुसऱ्यांदा जातील. नाही सांगितलं तर परवा ती त्या घाटात असेल.

ठरवलंय, खोटं बोलणार. सांगणार, मी आज दोन ऐकले, अगदी स्पष्ट. मामांच्या नावावर आजवर कधी खोटं बोललो नाही. चावी देणार नाही. चिडली तर चिडली, आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल.

सात वाजायला वीस मिनिटं आहेत.

नळी काढून ठेवावी म्हणून मघाशी बोनेट उघडलं. बोल्ट सोडवताना इंजिनावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. भाजलं. बोटांवर अजून लाल आहे.

गाडी काल दुपारी आली तेव्हापासून सुरू केलेली नाही. चावी कालपासून माझ्या खिशात आहे. आत्ताही आहे, हात लावून बघितलं.