पेटीचा कान

सोपान आईला उलट बोलायचा, पण लाँचचं इंजिन सांभाळणाऱ्या बोलक्या पेटीला मुकाट्यानं "बरं" म्हणायचा. आनसाबाईच्या डोक्यात जायचं ते हेच.

आताही तेच चाललं होतं. धरणाच्या पाण्यावर समोरून वारा. फळीवर सून रेश्मा, सोपानची बायको, कळा देऊन थकलेली, अंगाखालची गोधडी रक्तानं भिजत चाललेली. दवाखाना पलीकडच्या काठाला, आणि लाँच जेमतेम सरकत होती.

"ठोका ऐकू येत आहे. ठिणगी उशिरा देत आहे," पेटी म्हणाली.

"बरं."

"बरं काय मेल्या? पळव की."

"माझ्या हातात नाही, आये. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडली तरच जोर मिळतो. पण तेल हलकं असलं की ते आपोआप भडकतं, आतून ठोके बसतात. पेटीचा कान ते ऐकतो, मग पेटी ठिणगी लांबवते. नाहीतर पिस्टन फुटंल."

"तेल हलकं कशानं?"

तिनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोल पुरवायला सोपाननं त्यात रॉकेल ओतलं होतं.

"कानाची वायर तोड."

"तोडली की पेटी भिते. ठिणगी आणखी लांबवते."

"म्हणजे कान वायरीला जोडलेला पाहिजे, नुसतं ऐकू यायला नको. पाना आण."

इंजिनाच्या अंगाला बोल्टनं आवळलेला तो कान सुपारीएवढा होता. वायर तशीच ठेवून तिनं तो सोडवला आणि होणाऱ्या बाळासाठी शिवलेल्या दुपट्यात घट्ट गुंडाळला.

"इंजिन गेलं तर खायचं काय, आये?"

"सुकाणू धर."

"ठोका थांबला. ठिणगी पूर्ववत करत आहे," पेटी म्हणाली.

लाँचनं उसळी घेतली. आत कुणी घण घालावा तसं लोखंड वाजू लागलं. पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या, धूर डोळ्यांत जात होता.

"इंजिन उत्तम स्थितीत आहे," पेटी सांगत राहिली.

काठ जवळ आला, दवाखान्याचं छप्पर दिसू लागलं. रेश्माचं कण्हणं मात्र थांबलं होतं. आनसाबाईनं तिचा गार हात आपल्या पोटाशी धरला आणि लेकाकडं वळली.

"रॉकेल तू ओतलंस, पेटीला फसवलं मी. या लाँचवर खरं बोलत होती ती एकटी पेटी, आणि तिलाही आपण खोटं बोलायला लावलं. रेश्मा जगली, तर हे तिला तुझ्या तोंडानं सांगायचं. नाही जगली, तर कुणाला सांगशील, सोपान?"