मेहिटाबेलच्या दगडावरची तिरीप

थंडी कडक व्हायच्या आत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या त्या जुन्या दफनभूमीत जाऊन यायचं, एवढंच काम होतं. थियाने आरसा टॉवेलात गुंडाळून, गाठ मारून पिशवीत टाकला. झिजलेल्या दगडावर आरशाने उन्हाची तिरीप आडवी टाकली, की पुसट अक्षरं वर येतात. पूर्वज शोधणारे इथे सगळे हेच करतात.

थियाची पूर्वज मेहिटाबेल, साडेतीनशे वर्षांपूर्वी जहाजातून आलेली. थियाचं घराणं तिच्या थोरल्या मुलीपासून चाललेलं; पण नुकत्याच चालू लागलेल्या धाकट्या मुलाला थंड चुलीपाशी टाकून ती पळून गेली, असं घरात सांगत. थियाची आई तिला टाकून गेली, तेव्हाही नातेवाईक म्हणाले होते, मेहिटाबेलचंच रक्त. आता थियाला सहावा महिना होता आणि तिला झोप लागत नव्हती.

सोबत विनी मावशी होती, तिला वाढवणारी.

"दगड काय तुझी बाजू घेणार आहे?"

"मग तू कशाला आलीस?"

"तू घसरून पडशील म्हणून."

दगड सापडला. नाव कसंबसं लागलं, खालच्या ओळी मात्र सपाट. थिया आरसा काढणार, तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं आणि ऊन गेलं. गुडघ्यांना शिव्या देत मावशी गाडीकडे गेली.

थिया थांबली. ओल्या पानांचा, खाऱ्या चिखलाचा वास. मागे पानं वाजली, अगदी हलकी.

मग दगडावर तिरीप पडली.

"जरा डावीकडे, मावशी..." ती न वळता पुटपुटली.

तिरीप डावीकडे सरकली. पण ती थरथरत होती, आरसा पेलत नसल्यासारखी. आणि येत होती खालून... गुडघ्याच्या उंचीवरून. थियाच्या अंगावर काटा आला. तरी ती वाचत गेली. मेहिटाबेल... आणि तिचा मुलगा सेथ... एकाच तापात... तिच्याच कुशीत.

टाकलं नव्हतं तिने.

थिया वळली. मागे नुसतं धुकं. लांब गाडीत मावशी डोळे मिटून बसलेली.

गाडीत बसल्यावर थियाने सगळं सांगितलं, पोटावर हात ठेवून, हसत आणि रडत. कित्येक महिन्यांनी तिचा श्वास मोकळा झाला होता. मावशीने तिचे डोळे आपल्या बाहीने पुसले.

"पण ऊन नसताना वाचलंस कसं?"

थियाने पिशवी उघडली. टॉवेलाची गाठ तशीच होती. तिने ती सोडली.

काच कोमट होती.